शाहू मिलमध्ये चूल पेटली पाहिजे

राजर्षी शाहू महाराजांचे नाव घेतल्यावाचून कोल्हापुरात एकाही पक्षाची सभा सुरू होत नाही. झेंडा भगवा असो, तिरंगी असो की लाल, आरंभी महाराजांच्या प्रतिमेला हार पडतो, वक्ता घसा साफ करतो आणि ‘शाहूंची ही नगरी’ अशी सुरुवात करतो. त्याच नगरीत, कोटीतीर्थ तलावाजवळ, महाराजांनी १९०६ साली स्थापन केलेली श्री शाहू छत्रपती स्पिनिंग अँड विव्हिंग मिल २००३ पासून बंद आहे. सुमारे २७ एकरांची ही जागा. ज्या भोंग्यावर शहराचा हा भाग उठत होता, जेवत होता आणि घरोघरची घड्याळे लावत होता, तो भोंगा मुका होऊन दोन दशके उलटून गेली. दगडी भिंती उभ्या आहेत, धुराडे उभे आहे, आणि या सगळ्याच्या भोवती घोषणांचे रान माजले आहे.

घोषणा कसली, तर स्मारकाची. मिलच्या जागेवर महाराजांचे आंतरराष्ट्रीय दर्जाचे स्मारक होणार हे कोल्हापूरकरांनी इतक्या मंत्र्यांच्या तोंडून ऐकले आहे की आता त्यांना त्या मंत्र्यांची नावेही आठवू नयेत. २०२२ साली महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण झाली. ६ मे रोजी सारे शहर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले आणि कृतज्ञता पर्वाच्या निमित्ताने मिलचे आवारही माणसांनी फुलले. अनेक तरुणांनी आजोबा जिथे साचावर उभे राहत ती जागा तेव्हा प्रथमच आतून पाहिली. पर्व सरले. कृतज्ञता शंभर सेकंदांचीच होती काय, हा प्रश्न त्यानंतर कुणीतरी विचारायला हवा होता.

दसरा चौकात महाराजांचा पुतळा आहे. कसबा बावड्याला लक्ष्मी-विलास राजवाड्यात जन्मस्थळ आहे. नर्सरी बागेत समाधिस्थळ झाले आहे. वंदन करण्यासाठी जागा कमी पडते आहे अशी तक्रार कोल्हापुरात कुणीही केलेली नाही. कमी पडते आहे ती वेगळीच जागा: दिवसभर राबणाऱ्या माणसाला स्वस्तात, स्वच्छपणे आणि मान न तुकवता चार घास खाता येतील अशी. शाहू मिलच्या प्रशस्त दालनांपैकी एक-दोन दालने अशा सार्वजनिक भोजनगृहाला दिली, तिथे शहरातील खाद्यपदार्थांच्या हातगाड्या आणि खानावळ चालवणाऱ्या स्त्रिया यांना सहकारी पद्धतीने चूल मांडू दिली, तर महाराजांचे खरे स्मारक उभे राहील. ही मागणी गमतीची नाही, आणि स्मारकाचा पाणउतारा करणारी तर नाहीच नाही.

कोल्हापूरच्या खाण्याचे कौतुक सर्वदूर आहे. तांबडा-पांढरा रस्सा, मिसळ, भडंग, रात्री दूध कट्ट्यावर समोर धार काढून दिलेले म्हशीचे दूध. पर्यटन खात्याच्या पत्रकांना या यादीने रंग चढतो. पण या शहरात कोण कुठे जेवतो याची पाहणी त्या पत्रकांत नसते. लक्ष्मीपुरीत पोती वाहणारा हमाल दुपारी कशावर भागवतो? सीपीआर रुग्णालयात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीहून रुग्णाबरोबर आलेली बाई आठ-आठ दिवस कुठे आणि काय खाते? शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कंत्राटावर लागलेला, खोलीत चौघांनी मिळून राहणारा पोरगा रात्रपाळीनंतर कुठल्या गाडीपाशी उभा राहतो? ही माणसे रस्त्यावर खातात, आणि त्यांना खाऊ घालणारी माणसेही रस्त्यावरच असतात. ज्या दिवशी अतिक्रमण हटाव पथकाची गाडी येते, त्या दिवशी एकाची भाकरी जाते आणि दुसऱ्याचा तवा जप्त होतो. ताटात पांढरा रस्सा वाढून घेणाऱ्या पाहुण्याला हे दिसत नाही. त्याचा दोष नाही. ते दिसू नये अशीच शहराची रचना चालली आहे.

स्मारकाच्या जागेत खाण्यापिण्याचा बाजार कशाला, असे म्हणणाऱ्या सज्जनांनी गंगाराम कांबळे यांचे हॉटेल आठवावे. संस्थानच्या पागेत नोकरीला असलेल्या या अस्पृश्य माणसाने स्पृश्यांच्या हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, आणि तेवढ्यावर न थांबता गंगारामला स्वतःचा धंदा उभा करण्यासाठी साह्य केले. भाऊसिंगजी रस्त्यावर त्याने चहाचे दुकान काढले, त्याचे नाव सत्यसुधारक हॉटेल. नाव मोठे, पण गिऱ्हाईक फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हा महाराजांचा खडखडा त्या दुकानापुढे थांबू लागला. छत्रपती स्वतः तिथे चहा घेत आणि बरोबरच्या प्रतिष्ठित मंडळींनाही घ्यायला लावत. सरकारी दरबारात काम असेल त्याने गंगारामच्या कपाला तोंड लावावे, असा तो सरळ हिशेब होता. १९१९ साली सार्वजनिक जागांत अस्पृश्यता पाळण्याला बंदी करणारे हुकूम निघाले ते सर्वांना ठाऊक आहेत. पण हुकूम कागदावर असतो आणि चहा घशाखाली उतरावा लागतो, हे जाणणारा राज्यकर्ता विरळाच.

या एका दुकानात महाराजांचे सारे राजकारण सामावले होते म्हटले तरी चालेल. त्यांनी गंगारामला अन्नछत्रातले ताट दिले नाही. चूल दिली, गिऱ्हाईक मिळवून दिले, आणि वरच्या जातींना त्याच्या दारात आणून उभे केले. १८९६–९७ च्या दुष्काळातही त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने काढली आणि दुष्काळी कामांवर राबणाऱ्या आयांच्या मुलांसाठी शिशुगृहे उघडली. जातीजातींची वसतिगृहे काढली, त्यांतही कोठीघर आणि पंगत होतीच. पोट रिकामे असलेल्या मुलाला शिक्षणाचा हक्क सांगणे ही चेष्टा आहे, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. अशा राजाच्या गिरणीत भाकरीचा वास आल्याने पावित्र्य भंगेल असे ज्यांना वाटते, त्यांना शाहू महाराज पुतळ्यातच बरे वाटतात.

आता दुसरा धोका. तो सज्जनांकडून नाही, सावकारांकडून आहे. जुन्या गिरणीत खाद्यपेठ ही कल्पना भांडवलदारांनाही सुचते, किंबहुना त्यांना ती आधी सुचली. मुंबईच्या गिरणगावाकडे पाहावे. १९८२ च्या संपानंतर अडीच लाख कामगारांच्या आयुष्याचा चुराडा झाला. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींचा एक-तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी आणि एक-तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी राखला होता. २००१ साली त्या नियमाची शब्दरचना अशी बदलली की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. फिनिक्स मिलच्या जागी बाजार-महाल उभा राहिला. कमला मिलच्या आवारात हॉटेले आणि दारूगुत्ते गर्दी करून उभे राहिले, आणि २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या एका हॉटेलाला लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. जिथे कामगाराच्या डब्यात भाकरी-कालवण होते तिथे आता त्याच्या नातवाच्या आठवड्याच्या पगाराइतके बिल एका रात्रीच्या जेवणाला होते. तो नातू तिथे जातोही, नाही असे नाही. दुचाकीवर पार्सल घेऊन, मागच्या दाराने.

तेव्हा ‘शाहू मिल फूड कोर्ट’ अशी पाटी घेऊन उद्या कुणी निविदा काढली तर कोल्हापूरकरांनी सावध असले पाहिजे. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या मंत्राचा अर्थ या शहराला शिकवावा लागत नाही. रस्त्यांच्या नावाखाली टोलनाके उभे राहिले तेव्हा प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारख्या नेत्यांबरोबर सामान्य माणूस रस्त्यावर उतरला आणि अखेर सरकारला टोल रद्द करावा लागला. जी निविदा सर्वांत जास्त भाडे देणाऱ्यासाठी काढली जाते, तिच्यात हातगाडीवाला पहिल्याच पानावर बाद होतो. त्याच्याकडे अनामत नसते, उलाढालीचा दाखला नसतो. असतो तो फक्त तीस वर्षांचा हातगुण.

सरकारी दयेचाही अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. गरिबाच्या नावाने मोक्याच्या जागा वाटल्या गेल्या, पुढे अनुदान आटले, झुणका गेला, भाकरही गेली, आणि अनेक ठिकाणी जागा मात्र ज्याच्या हाती पडली त्याच्याच हाती राहिली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. शहरात तिची किंमत पन्नास रुपये धरली होती आणि वरचे चाळीस शासन देणार होते. टाळेबंदीच्या काळात तिने अनेकांना जगवले हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जी थाळी मंत्रालयातून येणाऱ्या अनुदानाच्या एका तारेवर लोंबकळते, ती तार कोणत्याही अर्थसंकल्पात तुटू शकते. केंद्र चालवणाऱ्याला बिलाची वाट पाहावी लागते, आणि जेवणाऱ्याला तर काही विचारलेच जात नाही. योजना बदलते, थाळीवरचे नाव बदलते, सरकार बदलते. जेवणारा लाभार्थीच राहतो.

याहून वेगळी वाट याच राज्यात कष्टकऱ्यांनी काढून दाखवली आहे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. पाठीवर पोती वाहणाऱ्यांनी स्वतःच्या संघटनेच्या बळावर स्वयंपाकघर काढले. ना नफा, ना तोटा. त्या केंद्रात हमाल जेवतो तसा विद्यार्थीही जेवतो, आणि कुणाकडे शिधापत्रिका मागितली जात नाही. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, मुंबईत प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. सावकाराकडून भरमसाट व्याजाने पैसे घेऊन पीठ-तांदूळ भरणाऱ्या या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू शकते, आणि त्या ते फेडू शकतात, हे त्या मंडळाने सिद्ध केले. गिरणी चालली ती या स्त्रियांच्या चुलीवर, पण गिरणीच्या इतिहासात त्यांच्यासाठी एक ओळ नसते. शाहू मिलच्या भावी संग्रहालयात साचा ठेवतील, भोंगा ठेवतील; डबा ठेवतील काय?

जगातही दाखले आहेत. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सरकार आणि नगरपालिकांनी शाळा, सभागृहे, चर्चच्या खोल्या अशा मिळतील त्या जागांत सार्वजनिक भोजनालये उघडली. त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. ‘सामुदायिक भोजन केंद्र’ या नावाला साम्यवादाचा वास येतो म्हणून चर्चिलसाहेबांनी त्यांना ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ म्हणायला लावले. नाव बदलले, पण भोजनालये बंद केली नाहीत. सिंगापूरने १९७० च्या दशकात रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना नळ, गटार आणि ओटा असलेल्या सरकारी केंद्रांत जागा दिल्या. तिथली लाऊ पा सात ही १८९४ ची ओतीव लोखंडाची अष्टकोनी मंडई त्याच काळात असे खाद्यकेंद्र झाली आणि १९७३ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणूनही घोषित झाली. म्हणजे स्मारक आणि भोजनगृह एकाच छपराखाली नांदू शकतात. अर्थात सिंगापूर समाजवादी स्वर्ग नव्हे. तीच मंडई पुढे खासगी कंपनीकडे चालवायला गेली. इमारत वाचवणे आणि ती ज्यांच्यासाठी वाचवली त्यांना आत ठेवणे या दोन वेगळ्या लढाया आहेत, एवढे त्यातून घ्यावे.

दुसऱ्या लढाईसाठी हत्यार कायद्याने दिलेले आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती बंधनकारक केली. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत आणि त्यांतील एक-तृतीयांश स्त्रिया. सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे माप त्यात आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूरची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती. त्या मापाने हा आकडा पावणेचौदा हजारांच्या घरात जातो. मिलमध्ये यांपैकी शे-दीडशे चुली मावतील. म्हणून येथे एक गोष्ट खणखणीत सांगितली पाहिजे: मिलमधले भोजनगृह हे महाद्वार रोड आणि भवानी मंडपाभोवतीचे फेरीवाले हुसकावण्याचे निमित्त होता कामा नये. ‘तुम्हाला जागा दिली ना, आता रस्ता सोडा’ असा सौदा कुणी मांडला, तर तो तिथेच फेटाळावा. ज्याला यायचे आहे तो येईल. देवीच्या भाविकाला पेढा विकणारा कोटीतीर्थावर येऊन काय करणार?

गाळे लिलावात न देता खाद्यविक्रेते आणि खानावळवाल्या स्त्रिया यांच्या सहकारी संस्थेला दीर्घ मुदतीने, नाममात्र भाड्याने द्यावेत. गाळा विकता येणार नाही, पोटभाड्याने देता येणार नाही. मिलमध्ये राबलेल्या कामगारांच्या घरांतील स्त्रियांचा त्यावर पहिला हक्क असावा. एक साधी थाळी ठरलेल्या दरात प्रत्येक गाळ्यावर मिळालीच पाहिजे. पुढे कुणी खास मटण थाळी करून चार पैसे जास्त मिळवले तर बिघडत नाही. मटणाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. सार्वजनिक जागेत शाकाहाराची अट घालून बहुजनांना दारातच अडवण्याची जी नवी सोवळी रीत देशभर वाढते आहे, तिला या शहरात थारा मिळू नये. आणि गाळेवाटपाच्या यादीत गंगाराम कांबळे यांच्या समाजाची माणसे किती, हे कुणीतरी मोजावे. दलित स्त्रीच्या हातच्या भाकरीपाशी रांग लागते का, ही आजही कोल्हापूरची परीक्षा आहे, आणि आज तिथे खडखडा थांबवायला छत्रपती नाहीत.

वारसाप्रेमी मंडळींचा आक्षेप मात्र ऐकून घेण्यासारखा आहे. धूर, तेल आणि पाणी यांनी जुना दगड आणि जुने लाकूड खराब होते हे खरे आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री महाराजांनीच बांधलेले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले आणि शेजारच्या खासबाग मैदानालाही झळ पोहोचली. त्या रात्री हे शहर रडले. तेव्हा भट्ट्या आणि गॅस मूळ इमारतीत नकोतच. त्या बाजूच्या मोकळ्या आवारात, नव्या साध्या शेडमध्ये असाव्यात. जुन्या दालनात बसून जेवावे. जागा २७ एकर आहे, अडचण जमिनीची नाही. पण नाट्यगृह जळाले ते लोक तिथे जात होते म्हणून नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. बंद कुलूप म्हणजे जतन नव्हे. पाऊस, वाळवी आणि भंगारचोर कुलूप पाहून परत फिरत नाहीत.

डाव्या चळवळीतूनही एक कुरबुर येईल: गिरणी बंद पडली, कामगार देशोधडीला लागला, आणि त्या बदल्यात थाळी? उत्पादक रोजगार मागायचा सोडून चुलीत समाधान मानायचे? हा प्रश्न विचारणाऱ्यांची तळमळ खरी आहे. परंतु स्वयंपाक हे काम नव्हे, श्रम नव्हे, असे त्यात गृहीत धरले आहे, आणि ते गृहीत पुरुषी आहे. सूत काढणे उत्पादक आणि भाकरी थापणे अनुत्पादक, हा हिशेब कोणत्या समाजवादात बसतो? मिलच्या उरलेल्या जागेत वस्त्रोद्योगाचे काही उभे राहत असेल तर त्यासाठी जरूर भांडावे. भांडणारे दुपारी जेवायला तिथेच येतील.

२०२० साली मुदत संपल्यावर पाच वर्षे कोल्हापूरच्या महापालिकेत लोकांनी निवडलेला एकही सदस्य नव्हता. या काळात शहराचे आराखडे प्रशासकाच्या टेबलावर झाले आणि सल्लागार कंपन्यांच्या संगणकावर रंगले. त्या रंगीत चित्रांत कारंजी असतात, हिरवळ असते, छत्री घेतलेले गोरेपान कुटुंब असते. पाटी डोक्यावर घेतलेली बाई कुठल्याही चित्रात आढळत नाही. आता शाहू मिलचा जो काही आराखडा असेल तो वॉर्डावॉर्डात, कोल्हापुरी मराठीत, जाहीर वाचला जावा आणि पथविक्रेता समितीपुढे ठेवला जावा.

२६ जूनला शाहू जयंती असते. त्या सकाळी सर्व पक्षांचे पुढारी दसरा चौकात हार घेऊन येतात. फेरीवाल्यांच्या संघटनांनी, खानावळवाल्या स्त्रियांनी आणि मिलच्या जुन्या कामगारांनी त्या दिवशी निवेदन घेऊन त्यांच्यामागे धावू नये. मिलच्या फाटकाबाहेर रस्त्यावर तीन दगडांची चूल मांडावी, चहाचे आधण ठेवावे आणि येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला एक कप पुढे करावा. कोण थांबतो आणि कोणाची मोटार काच वर करून पुढे निघून जाते, ते फाटकापाशी उभ्या असलेल्या लोकांना दिसेल.